एकादशीच्या फराळांतील परदेशी पदार्थ

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी आणि चवीस हिरवी मिरची, हें एकादशीचें ताट महाराष्ट्रांत सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखकाच्या आजी तें मोठ्या निष्ठेनें मांडीत. टोमॅटो मात्र विलायती म्हणून त्यांनीं स्वयंपाकघरांत कधीं येऊं दिला नाहीं. वस्तुतः टोमॅटोप्रमाणेंच या ताटांतील पांचही जिन्नस मूळच्या अमेरिकाखंडांतील वनस्पतींचे आहेत. अर्थात् आपलें कोणतें व परकें कोणतें, हें ठरविण्यास घरची रूढि हें प्रमाण पुरेसें नाहीं.

कोलंबस अमेरिकेस पोंचला तो १४९२ सालीं. वास्को द गामा कालिकतास आला १४९८ सालीं. आणि १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. पुढें ब्राझील व गोवें हे दोन्ही मुलूख एकाच राज्यसत्तेखालीं आल्यामुळें तिकडील झाडें इकडे येण्यास मार्ग झाला. त्यांतील कांहींनीं आपलीं नांवें सोबत आणलीं. अननस, काजू, पपई, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. युरोपांतील कोबीचें नांवही त्याच वाटेनें आलें.

दुसऱ्या कांहीं पदार्थांनीं मात्र येथील जुनीं नांवें धारण केलीं, आणि संशोधकाची खरी अडचण येथेंच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासा’त पाककृतींचें विस्तृत वर्णन आहे. त्यांतील ‘मरिच’ म्हणजे मिरें होय. मिरची पुढें आली आणि तिखटपणाच्या साम्यामुळें तिचें नांवही त्याच शब्दावरून पडलें. रताळ्याची कथा याहून चमत्कारिक आहे. ‘बटाटा’ हा शब्द मुळांत कॅरिबियन बेटांवरील लोकांचा, आणि तो रताळ्याचा वाचक. तें नांव पुढें बटाट्यास चिकटलें. आणि रताळें येथें आलें तेव्हां त्यास ‘रक्तालु’ या संस्कृत शब्दापासून झालेलें नांव मिळालें. रक्तालु हा तर येथील तांबडा कंद, निराळ्याच जातीचा. साबुदाण्याचेंही तसेंच. ‘सागू’ हा मलायी शब्द. साबुदाणा पूर्वीं एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यापासून होई व पूर्वेकडील बेटांतून येई. दुसऱ्या महायुद्धांत ही आयात खुंटल्यावर तामिळनाडूंतील सेलमकडे टॅपिओका कंदापासून तो करण्याचा उद्योग वाढला. नांव तेंच राहिलें, पदार्थ बदलला.

मग हे पाहुणे व्रताच्या ताटांत शिरले कसे? उपवासास धान्य वर्ज्य, कंद-मूळ-फळ ग्राह्य, असा सामान्य नियम. या नियमानें पदार्थांचा वर्ग सांगितला. त्या वर्गांत बसणारा नवा कंद जन्मानें कोठला, हें विचारलें नाहीं. भुईमूग तर वनस्पतिशास्त्रदृष्ट्या द्विदल धान्यच. पण त्यासही प्रवेश मिळाला. परिणामीं वेदांत उल्लेखिलेले यव व व्रीहि ताटाबाहेर राहिले आणि समुद्रापलीकडील कंद उपवासास चालूं लागले. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आचार टिकतो तो नव्यास जुन्या घरांत जागा करून देऊनच.

मात्र आचारास जें साधलें तें इतिहासास घातक होऊं शकतें. जुन्या पोथींत ‘रक्तालु’ शब्द दिसला म्हणून त्या काळीं रताळीं होतीं असें म्हणतां येत नाहीं. सीताफळाच्या नांवांत सीता आहे, एवढ्यानें त्याचें प्राचीनत्व सिद्ध होत नाहीं. भारहूतच्या शिल्पांत तें फळ असल्याचें कनिंगहॅमचें मत होतें. तें सर्वमान्य झालें नाहीं. शब्दाचें वय व वस्तूचें वय हीं निरनिराळीं मोजावयास हवींत.

यासाठीं दप्तरें वाचणाऱ्यांस एक विनंति आहे. कागदांच्या नकला करतांना तह, लढाया व सनदा आपण काळजीनें उतरतों. कोठीचे हिशेब, बाजाराच्या यादी व मेजवान्यांचे तपशील मात्र किरकोळ म्हणून गाळतों. ‘मिरें’ कोठें संपलें व ‘मिरची’ कोठें सुरू झाली, याचें उत्तर त्याच ओळींत मिळण्याचा संभव आहे. तेव्हां त्या ओळी मितीसह, मूळच्या लेखनांत यत्किंचितही फेरफार न करतां उतराव्या. कसर लागून गेलेला कागद पुन्हां वाचतां येत नाहीं.