भुईचा कानोसा

दिवाळीच्या पहाटे दारात कुणा पोराने सुतळी बाँब लावला की स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या कपबश्या किणकिणतात. आजोबा पोराला रागे भरतात, आई चकल्यांच्या डब्याचे झाकण पुन्हा एकदा दाबून पाहते, आणि प्रकरण तेथेच मिटते. पण वाचकहो, तो हादरा काही तेथे मिटत नाही. अंगणातून तो मुरुमात उतरतो, मुरुमातून खडकात शिरतो आणि क्षीण होत होत दूर निघून जातो. पलीकडे कुणी कान लावून बसला असेल, तर हादरा किती वेळात आला यावरून त्याला वाटेत काय लागले हे ओळखता येते. मऊ गाळातून हादरा रमतगमत येतो, कठीण खडकातून धावत येतो. एवढ्याच भांडवलावर आमच्या वऱ्हाडाच्या पोटातला ठाव एकदा घेतला गेला. ती हकीकत फारशी कुणाला ठाऊक नाही, म्हणून या फराळाच्या बैठकीत सांगावी म्हणतो.

आमचे हिवरखेड म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातले. वऱ्हाडात हिवरखेडे आणखीही आहेत, म्हणून हा खुलासा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचे सपाट खोरे. डोंगराकडे विहीर खणली तर धोंडे लागतात; पूर्णेकडे खणावे तितका गाळच निघतो, आणि लागलेच तर पाणी खारट. खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. या फरकाचे कारण डोंगराच्या पायथ्याशी आहे. तेथे जमिनीत एक लांबलचक चीर आहे. गाविलगडचा भ्रंश असे तिचे नाव. तिच्या दक्षिणेची बाजू खाली बसली आणि तयार झालेला खळगा पूर्णेने शेकडो मीटर गाळाने भरून काढला. आमच्या विहीर खणणाऱ्यांना चिरेचे नाव माहीत नव्हते. पण कोणत्या शिवारात दगड लागणार आणि कोठे नाही, हे ते अचूक सांगत.

जमिनीला कान लावण्याचे काम आपल्याकडे शास्त्रशुद्ध रीतीने सुरू झाले ते गेल्या शतकाच्याही आधी. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत मिल्नसाहेबांच्या धर्तीचा भूकंपलेखक बसला. हे यंत्र म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवासारखे. एका जागी स्थापन करायचे आणि भूकंपाने आपल्या पायांनी त्याच्यापर्यंत यायचे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात भूकंप झाला. त्याचे मान सव्वासहाच्या घरातले होते. दूरदूरच्या वेधशाळांतल्या नोंदी जुळवून त्याची खोली सुमारे चाळीस किलोमीटर ठरवण्यात आली. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

मग कोयना झाली. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि लगोलग हादरे सुरू झाले. तेथे यंत्रे आधीच जवळ नेऊन ठेवली होती, म्हणून ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले तेव्हा शास्त्रज्ञांच्या हाती कोऱ्या तर्कापेक्षा अधिक काही होते. धरणाच्या भिंतीतल्या एका यंत्राने तर त्या धक्क्याचा जोर थेट टिपला. धरणाचे पाणी आणि भूकंप यांचा संबंध जगभर मान्य झाला, त्यात या नोंदींचा वाटा मोठा आहे.

आता आमच्या भागाकडे वळू. भूकंपाची वाट पाहत बसण्यापेक्षा आपणच जमीन हलवली तर? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने १९७२ साली हा उद्योग कावली ते उडुपी या रेषेवर सुरू केला. नंतर कोयनेच्या बाजूला गुहागर-चोरोची आणि केळशी-लोणी या रेषा झाल्या, आणि मग पाळी आली नर्मदेच्या खोऱ्याची. तेथल्या दोन रेषांची दक्षिण टोके विदर्भात उतरली: एक वर्धा जिल्ह्यात पुलगावला, दुसरी उज्जैनहून निघून अकोला जिल्ह्यात महानला. महान म्हणजे काटेपूर्णा धरणाचे गाव. नकाशावर उज्जैन आणि महान या दोन ठिपक्यांना दोरी लावून पाहा. ती हिवरखेडच्या अगदी अंगावरून जाते.

कामाची रीत अशी. रेषेवर ठरलेल्या अंतराने भोके पाडायची आणि त्यांत सुरुंगाची दारू भरायची. उरलेल्या रेषेवर जिओफोन नावाची, मुठीत मावणारी यंत्रे खिळ्यासारखी जमिनीत रोवायची. ती सारी तारांनी जोडून तारा गाडीतल्या नोंदयंत्राला लावायच्या. वाराही पडलेला बरा, कारण डोलणारे झाड, चाललेली बैलगाडी, विहिरीवरचे इंजिन, साऱ्यांचा आवाज जमिनीत उतरतो. मग सुरुंग उडवायचा. नोंद झाली की तारा गुंडाळायच्या, जिओफोन उपटून मोजून पेटीत ठेवायचे आणि पुढच्या गावी जायचे. शेकडो किलोमीटरची रेषा अशी रोवत-उपटत पार करायची. हमालकाम आणि गणित यांचा इतका निकट संसार दुसऱ्या कोणत्या शास्त्रात असेल, मला ठाऊक नाही.

या श्रमांचे फळ १९८५ साली प्रसिद्ध झाले. कैला आणि त्यांचे सहकारी त्याचे लेखक. पृथ्वीच्या कवचाचा तळ सुमारे चाळीस किलोमीटरांवर सापडला. १९३८ चा भूकंप ज्या खोलीवर मांडला गेला होता, जवळजवळ तेथेच! म्हणजे सातपुड्याखाली जमीन अगदी बुडाशीसुद्धा मोडू शकते. दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. नर्मदा-तापीच्या टापूत काळ्या कातळाखाली गाळाच्या जुन्या खडकांचे एक खोरे दडलेले असावे, असा निष्कर्ष कैलांनी पुढे १९८८ साली मांडला. ज्वालामुखीच्या लाव्ह्याने झाकून टाकलेली ती भुई माणसाच्या डोळ्यांनी कधी पाहिलेली नाही.

पण सुरुंगाचा मुहूर्त आपल्या हाती असतो, भूकंपाचा नाही. त्यासाठी पेटी नेऊन ठेवावी लागते आणि वाट पाहावी लागते. हिंडत्या भूकंपलेखकाची जुनी तऱ्हा दिवाळीत सांगण्याजोगी आहे. गुळगुळीत कागद दंडगोलावर गुंडाळून रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर फिरवायचा; पणतीवर काजळ धरतात तशी त्यावर काजळी धरते. मग दंडगोल यंत्रात बसवायचा. घड्याळाच्या चालीने तो फिरतो आणि सुई काजळीत पांढरी रेघ ओढत जाते. भुई थरथरली की रेघ थरथरते. कागद साधारण एका दिवसात भरतो, म्हणून रोज कुणीतरी तेथे जायचे, जुना कागद बोट न लावता काढायचा, काजळी पुसू नये म्हणून लाखेच्या पाण्यात बुडवून वाळवायचा आणि नवा चढवायचा. खरी कसोटी घड्याळाची. कठीण खडकात हादरा सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावतो; घड्याळ एक सेकंद चुकले तर भूकंप तितके किलोमीटर भलतीकडे सरकलाच म्हणून समजा. म्हणून ही मंडळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे ए.टी.ए. हे वेळेचे ठोके रेडिओवर लावून बसत.

या साऱ्या खटाटोपाची किंमत किल्लारीने दाखवली. १९९२ च्या ऑगस्टपासून तेथे हादरे बसत होते. त्या ऑक्टोबरमध्ये चांगलाच मोठा बसला. मग जमीन शांत वाटू लागली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक निजलेले, आणि चार वाजायला काही मिनिटे असताना दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगतात. हैदराबादची मोठी वेधशाळा तेथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. इतक्या लांबून उथळ, लहान धक्क्याची नेमकी जागा आणि खोली हाती लागत नाही. भूकंपानंतर हैदराबादचे शास्त्रज्ञ आले, जर्मनीहून त्यांचे सहकारी आले, गावोगाव पेट्या मांडल्या गेल्या. त्यांना घाई होती. कारण मोठ्या धक्क्यामागून येणारी पिलावळ दिवसागणिक कमी होत जाते, हे ओमोरी या जपानी पंडिताने १८९४ सालीच दाखवले होते. त्या पिलावळीवरून कळले की किल्लारीची मोड अवघ्या काही किलोमीटर खोलीवरची होती. सातपुड्याचा भूकंप तळाशी, किल्लारीचा अंगणात. पेट्या पुष्कळ काही सांगून गेल्या. ज्यांना सांगायचे त्यांच्यापैकी पुष्कळ जण ऐकायला उरले नव्हते.

आजची पेटी निराळी. घड्याळ उपग्रहाकडून वेळ घेते, विजेची सोय सौर तावदानावर होते, नोंद नखाएवढ्या पत्रीवर साठते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे हादऱ्यांची रीघ लागली तेव्हा अशाच पेट्या तेथे गेल्या. पण मांडणे, उचलणे आणि नोंद उतरवून घेणे ही माणसाचीच कामे राहिली आहेत. आमच्याकडे तर जागा शोधण्यातच दिवस जावा. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यात बसवलेले यंत्र वाकडे व्हायचेच. खडक हवा, म्हणजे डोंगराकडे सरकायला हवे. हाताभर खड्डा, तळाला सिमेंट, पाणसळीने सपाटी, होकायंत्राने उत्तर, मग वर झाकण आणि माती. शेतधनी बांधावर उभा राहून विचारणारच, "काय गाडता जी आमच्या वावरात?" गावात तोवर गुप्तधनाची आवई उठलेली असते. त्याला नीट समजावून सांगणे हाही शास्त्राचाच भाग समजावा, कारण पुढचे काही महिने पेटीची राखण त्याच्याच हाती आहे.

मेळघाटात या प्रश्नाला आता धार आली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीत जमिनीतून आवाज येऊ लागले आणि माणसे घरात निजायला भिऊ लागली. तेव्हा शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन आले होते. ३० सप्टेंबर २०२४ रोजी, तारीख नेमकी किल्लारीचीच, दुपारी १ वाजून ३७ मिनिटांनी अमरावती जिल्ह्यात ४.२ मानाचा धक्का बसला आणि चिखलदऱ्याकडची गावे घराबाहेर धावली. अशा धक्क्याचे मूळ उथळ आहे की तळाशी, हे मुंबई-हैदराबादेहून नीट सांगता येत नाही. ते जवळच पुरलेल्या पेटीतून कळते, आणि पेटी धक्क्याच्या आधी पुरलेली असावी लागते.

ठरल्या दिवशी चमू परत येतो. माती बाजूला करून आधी पाणसळ पाहतात, घड्याळ पाहतात, वहीत वेळ लिहितात. केबल उंदराने कुरतडलेली असते, झाकणाखाली मुंग्यांनी घर केलेले असते. नोंद उतरवून घेतात, तिची दुसरी प्रत काढतात, आणि दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय मूळची पुसत नाहीत. मग पेटी फडक्यात गुंडाळून गाडीत जाते, खड्डा बुजवला जातो, आणि शेतधनी त्यावर पाय दाबून पाहतो. हरभरा पेरायला तेवढी जागा मोकळी झालेली असते.