हिमवादळ आणि खंडित वीज : अमेरिकेतील मराठी घरांची पूर्वतयारी

टेक्सास हे अमेरिकेतील उष्ण हवामानाचे राज्य. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या असंख्य मराठी कुटुंबांनी हिवाळ्याची धास्ती कधी घेतलीच नव्हती. मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर ध्रुवाकडील अतिशीत हवा थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरली. १५ फेब्रुवारीच्या पहाटे राज्याची वीजयंत्रणा कोलमडू लागली आणि सुमारे ४५ लाख घरे व आस्थापने अंधारात बुडाली. दुसऱ्या दिवशी डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत घसरला. राज्याच्या आरोग्य विभागाने या संकटात २४६ मृत्यूंची नोंद केली. त्यांतील जवळपास दोन-तृतीयांश माणसे केवळ थंडीने दगावली, तर १९ जणांचा बळी कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने घेतला.

न्यू जर्सी, शिकागो वा टोरांटो येथे राहणाऱ्यांना बर्फाची सवय असते. पण वीज नसलेल्या घरातील बर्फाळ रात्रीची सवय कोणालाच नसते. त्यातच हिवाळ्यात मुला-नातवंडांकडे राहायला गेलेले वृद्ध आई-वडील घरात असतील, तर जोखीम आणखी वाढते.

वीज का जाते?

हिमवादळांतील विजेचा सर्वांत मोठा शत्रू भुसभुशीत बर्फ नव्हे, तर गोठणारा पाऊस होय. आकाशात उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत शून्याखालील हवा असली की पावसाचे थेंब वस्तूंवर पडताक्षणी गोठतात. तारांवर, झाडांवर काचेसारखे जड कवच चढते. फांद्या मोडून तारांवर पडतात आणि खांब वाकतात. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात अशाच पावसाने उच्च दाबाचे शेकडो मनोरे जमीनदोस्त केले. लाखो लोक विजेविना राहिले. मॉन्ट्रियलच्या दक्षिणेकडील काही भागांत वीज परतायला महिन्याहून अधिक काळ लागला.

टेक्सासमधील कारण निराळे होते. तेथे वीजनिर्मिती केंद्रांची उपकरणे आणि नैसर्गिक वायूच्या विहिरी गोठल्या आणि नेमक्या त्याच वेळी मागणी शिगेला पोहोचली. राज्याचे बहुतांश वीजजाळे शेजारच्या राज्यांपासून स्वतंत्र असल्याने बाहेरून पुरेशी मदत मिळू शकली नाही. भारनियमन हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. पण आपल्याकडील भारनियमनाला वेळापत्रक असते. टेक्सासमध्ये तुटवडा इतका मोठा होता, की रुग्णालयांसारख्या अत्यावश्यक वाहिन्या वगळल्यानंतर आळीपाळीने वीज देण्यास वावच उरला नाही. ज्यांची वीज गेली, त्यांतील अनेकांना ती दिवसेंदिवस मिळाली नाही. ‘दोन तासांत येईल’ हा भारतातील अनुभवावर आधारलेला अंदाज येथे घातक ठरतो.

इशाऱ्यांची भाषा

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या इशाऱ्यांतील दोन शब्दांचा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ‘वॉच’ म्हणजे वादळाची शक्यता आहे, तयारीला लागा. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ आले आहे किंवा येऊन ठेपले आहे. आता घराबाहेर पडू नका. ताशी ५६ किलोमीटर वा अधिक वेगाचे वारे आणि पाव मैलापेक्षा कमी दृश्यमानता किमान तीन तास टिकणार असेल, तर त्यास ‘ब्लिझर्ड’ म्हणतात. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो परिसरात आलेल्या ब्लिझर्डमध्ये ४० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. काही जण रस्त्यात अडकलेल्या मोटारींत सापडले. अग्निशमन दल व रुग्णवाहिकाही त्यांच्यापर्यंत पोहोचू शकल्या नव्हत्या. खरेदी, औषधे आणि पेट्रोल यांची कामे ‘वॉच’ जाहीर होताच उरकावीत.

गॅसचे हीटिंगही विजेवरच

‘आमच्याकडे गॅसची भट्टी आहे, आम्हाला काय चिंता’ हा नव्याने गेलेल्या कुटुंबांचा नेहमीचा गैरसमज. घर तापविणारी आधुनिक फर्नेस गॅसवर जळत असली, तरी तिची ठिणगी, नियंत्रक आणि गरम हवा खेळविणारा पंखा विजेवरच चालतो. हीट पंप तर पूर्णतः विजेवर अवलंबून असतो. टाकीविरहित वॉटर हीटर, इंटरनेटवरून चालणारा घरचा दूरध्वनी, उंच इमारतीतील लिफ्ट आणि वरच्या मजल्यांवर पाणी चढविणारा पंप यांचेही तसेच. वीज गेल्यावर घरातील नेमके काय काय बंद पडणार, याची यादी हिवाळ्यापूर्वीच करून ठेवावी.

वीज गेल्यावर संपूर्ण घर उबदार ठेवण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. शक्यतो दक्षिणेकडे खिडकी असलेली एकच लहान खोली निवडून कुटुंबाने तेथे एकत्र राहावे. दारांच्या फटींत टॉवेल कोंबावेत. खिडक्यांवर रात्री गोधड्या, ब्लँकेटे टांगावीत आणि दिवसा ऊन येत असेल तर पडदे उघडावेत. एका जाड कोटापेक्षा सैल कपड्यांचे तीन थर अधिक ऊब देतात. अंगालगत सुती कपडा टाळावा, कारण घामाने ओला झालेला सुती कपडा शरीराची उष्णता शोषून घेतो. कानटोपी आणि लोकरी मोजे रात्री झोपतानाही काढू नयेत.

न दिसणारा मारेकरी

प्रत्येक मोठ्या वीजखंडानंतर कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचे रुग्ण वाढतात. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि थकवा ही त्याची लक्षणे साध्या तापासारखी भासतात. झोपेत तर तीही जाणवत नाहीत. अमेरिकेत दरवर्षी आगीशी संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेने ४०० हून अधिक माणसे मरतात.

कोळशाची शेगडी, बार्बेक्यू ग्रिल किंवा कॅम्पिंगचा स्टोव्ह घरात वा गॅरेजमध्ये कदापि पेटवू नये. गावाकडे थंडीत शेगडी पेटवून शेकत बसण्याची सवय असलेल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगावे लागते. तेथील घरे कौलारू घरासारखी वाऱ्याला मोकळी नसतात, ती जवळपास हवाबंद असतात. गॅसच्या ओव्हनचे दार उघडून खोली तापवू नये. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर आणि खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला धूर सोडेल असा ठेवावा. गॅरेजचे दार उघडे असले तरी जनरेटर किंवा मोटार आत सुरू ठेवू नये. टेक्सासमध्ये ऊब मिळविण्यासाठी वा फोन चार्ज करण्यासाठी गॅरेजमध्ये मोटार सुरू ठेवल्याने विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत.

फर्नेसची हवा आत-बाहेर नेणारे पाइप अनेक घरांत बाहेरच्या भिंतीवर जमिनीलगत असतात. बर्फ साचून ते बुजले, तरी हाच वायू घरात साठतो. बर्फ पडत असताना ते मोकळे आहेत ना, हे पाहत राहावे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ असावा.

जनरेटरची तार भिंतीतील सॉकेटमध्ये जोडून घराला वीज देण्याचा प्रकारही जीवघेणा आहे. ही वीज उलट दिशेने रस्त्यावरील तारांत जाते आणि दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याचा बळी घेऊ शकते. त्यासाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच बसवून घेणे हाच मार्ग आहे.

पाण्याचे पाइप

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते. पाइपात बर्फाची गुठळी तयार झाली की ती आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप फुटतो. घर पुन्हा तापून बर्फ वितळल्यावर छतातून, भिंतींतून पाणी कोसळू लागते. टेक्सासमध्ये अनेकांना विजेपेक्षा याच संकटाचा फटका अधिक बसला.

बाहेरील तापमान उणे ७ अंशांखाली जाणार असेल, तर बाहेरच्या भिंतीलगतचे नळ थेंब थेंब सुरू ठेवावेत. सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतील ऊब पाइपांपर्यंत पोहोचते. बागेची नळी काढून ठेवावी. पालिकेने पाणी सोडू नका असे सांगितले असेल, तर वॉटर हीटर व मुख्य कॉक बंद करून सर्व नळ उघडून पाइप रिकामे करावेत. हा मुख्य कॉक कोठे आहे, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक हवे. भाड्याच्या सदनिकेत राहणाऱ्यांनी ते व्यवस्थापकाला आधीच विचारून घ्यावे. गोठलेला पाइप हेअर ड्रायरने, नळाच्या बाजूकडून हळूहळू तापवावा; ज्योत कधीही लावू नये. सुटीत भारतात येताना हीटिंग बंद न करता किमान १३ अंशांवर ठेवावे.

स्वयंपाकघर

वीज गेल्यावर फ्रिजचे दार न उघडल्यास आतील पदार्थ सुमारे चार तास सुरक्षित राहतात. पूर्ण भरलेला फ्रीजर ४८ तास, तर अर्धा भरलेला २४ तास टिकतो. दूध, दही, शिजवलेला भात, वरण, मांस-मासे यांच्याबाबत वासावर भरवसा ठेवू नये. मर्यादा उलटली की टाकून द्यावेत. ‘बाहेर बर्फच आहे’ म्हणून पदार्थ अंगणात ठेवणेही योग्य नाही. उन्हाने ते तापतात आणि प्राणी तोंड घालतात. त्याऐवजी बाटल्यांत पाणी भरून बाहेर गोठवावे आणि त्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

बहुतेक अपार्टमेंटमध्ये विजेची शेगडी असल्याने चूल पेटणारच नाही, असे गृहीत धरावे. या बाबतीत मराठी स्वयंपाकघराची परंपरा कामी येते. सातूचे पीठ, मेतकूट, चुरमुरे, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, लाडू, चिक्की हे पदार्थ शिजविल्याविना पोट भरतात. दडपे पोहेही आगीविना होतात. हिमवादळांचा ऐन हंगाम आणि संक्रांत एकाच वेळी येतात. त्या सुमारास केलेल्या गूळपोळ्या फ्रिजविना काही दिवस टिकतात. डबाबंद कडधान्ये ठेवणाऱ्यांनी हाताने चालणारा डबा उघडणीही ठेवावी.

पिण्यासाठी आणि जेमतेम स्वच्छतेसाठी प्रत्येक माणसामागे रोज एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाणी धरतात. किमान तीन दिवसांचा साठा आवश्यक. जागा असल्यास दोन आठवड्यांचा. शौचालयासाठी बाथटब भरून ठेवावा. मात्र घरात लहान मूल असेल तर त्या खोलीचे दार बंद असावे. टेक्सासमध्ये वीज परतल्यावरही अनेक शहरांत कित्येक दिवस पाणी उकळून पिण्याचे आदेश होते.

ज्येष्ठ, बालके आणि रुग्ण

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेल्यास हायपोथर्मिया झाल्याचे मानतात. वृद्धांना तो घरातही होऊ शकतो. १५ ते १८ अंशांचे घरही त्यांच्यासाठी धोक्याचे असते. सतत कापरे भरणे, बोलणे अडखळणे, गोंधळल्यासारखे वागणे, गुंगी येणे ही लक्षणे ओळखावीत. थरथर अचानक थांबली, तर ते बरे वाटण्याचे लक्षण नसून प्रकृती बिघडल्याचे लक्षण असू शकते. अशा व्यक्तीचे ओले कपडे बदलून आधी छाती, मान व पोट उबदार करावे आणि ९११ ला फोन करावा. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्याने शरीराची उष्णता उलट अधिक जाते.

मधुमेही रुग्णांचे इन्सुलिन गोठता कामा नये. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी वापरू नये. ते खिडकीपाशी किंवा मोटारीत ठेवण्याऐवजी माणसे असलेल्या खोलीतच ठेवावे. रक्तदाब, हृदयविकार यांच्या औषधांचा किमान आठवडाभराचा साठा असावा. ऑक्सिजन यंत्र वापरणाऱ्या रुग्णांनी वीज कंपनीकडे आधी नोंद करावी. तरीही अखंड विजेची हमी मिळत नसल्याने पर्यायी सिलिंडर आणि मुक्कामाची दुसरी जागा ठरवून ठेवावी. जवळच्या उबदार निवाऱ्याची माहिती अमेरिकेत बहुतेक ठिकाणी २११ या क्रमांकावर मिळते.

वादळ ओसरल्यावर

पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे, असेच समजावे. वीज एकदम आल्यास उपकरणे बिघडू नयेत म्हणून ती बंद ठेवून एकच दिवा चालू ठेवावा. बर्फ उपसण्याचे श्रम हृदयावर मोठा ताण आणतात. पन्नाशी उलटलेल्यांनी आणि हृदयरुग्णांनी ते काम दुसऱ्यावर सोपवावे. नुकसान झाले असल्यास पाणी बंद करून आधी छायाचित्रे घ्यावीत आणि मग विमा कंपनीला कळवावे. शेजारी एखादे वृद्ध दांपत्य एकटे राहत असेल, तर त्यांचे दार एकदा अवश्य वाजवावे.

घरात असावे असे साहित्य

- टॉर्च व जादा सेल (मेणबत्त्या व समई टाळावी, आगीचा धोका असतो)
- बॅटरीवर किंवा हाताने फिरवून चालणारा रेडिओ
- पूर्ण चार्ज केलेल्या पॉवर बँका
- तीन दिवसांचे पाणी आणि न शिजविता खाता येणारे अन्न
- औषधे, प्रथमोपचार पेटी, बालकांचे दूध व डायपर
- कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर आणि अग्निशामक
- ब्लँकेटे, कानटोप्या, हातमोजे
- रोख रक्कम. वीज नसताना कार्ड चालत नाही
- पासपोर्ट, व्हिसा व विम्याची कागदपत्रे जलरोधक पिशवीत
- मोटारीत अर्ध्याहून अधिक भरलेली पेट्रोलची टाकी, फावडे, ब्लँकेट
- महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून; भारतातील नातेवाइकांना रोज कोणी व कधी संदेश पाठवायचा, हेही ठरवून