नौकेवरील टाक्यांतील पातळीचे मापन : कुर्ल्याच्या वाहनउद्योगाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

बीजशब्द : पातळीदर्शक, फ्लोट, सांडपाणी, शिडाची नौका, कुर्ला, वालचंद हिराचंद

प्रस्तावना

मुंबईच्या सागरी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने गोदी, जहाजबांधणी व व्यापार यांभोवती झालेले आहे. जहाजावर माणूस राहतो, त्याला पिण्याचे पाणी लागते आणि त्याचे सांडपाणी कोठेतरी साठवावे लागते, या साध्या बाबीकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. टाकीत किती पाणी उरले आहे, हे खलाशाला कसे कळत असे? आज विरंगुळ्यासाठी बाळगल्या जाणाऱ्या नौकेवरील दर्शकाचा काटा चुकीचे का दाखवितो? हे दोन प्रश्न एकाच इतिहासाचे भाग आहेत, असे प्रस्तुत निबंधात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. या इतिहासाचा एक धागा समुद्रापासून आत असलेल्या कुर्ल्यातून जातो.

पिंप, टाकी आणि काठी

शिडाच्या जहाजांवर पाणी लाकडी पिंपांत भरले जाई. पिंपे गळत, त्यांतील पाण्याला शेवाळ व दुर्गंधी येई. 1808 साली रिचर्ड ट्रेव्हिथिक व रॉबर्ट डिकिन्सन यांनी जहाजावरील लोखंडी टाक्यांचे पेटंट घेतले आणि एकोणिसाव्या शतकात पिंपांची जागा हळूहळू टाक्यांनी घेतली. यामुळे मोजदादीचे स्वरूपही बदलले. पिंपे मोजता येत. मोठ्या टाकीतील पाणी मात्र मोजता येत नाही, त्याची उंची मापावी लागते. त्यासाठी खुणा केलेली काठी वा गज टाकीत सोडण्याची पद्धत रूढ झाली. मोठ्या जहाजांवर हाताने पातळी तपासण्याची सोय आजही ठेवली जाते, हे या पद्धतीच्या विश्वासार्हतेचे द्योतक होय.

उंची म्हणजे घनफळ नव्हे, हा मुद्दा येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. नौकेचा तळ निमुळता असल्याने तेथे बसविलेली टाकीही बहुधा निमुळतीच असते. तिचा छेद खाली टोक असलेल्या त्रिकोणासारखा असेल, तर निम्म्या उंचीवर तिच्यात केवळ चौथा हिस्सा पाणी असते. काटा अर्ध्यावर आहे म्हणून अर्धे पाणी उरले, असे समजणारा नौकामालक येथेच फसतो. त्यात दर्शकाचा दोष नसतो. रिकाम्या टाकीत दहा-दहा लिटर पाणी मोजून ओतावे आणि प्रत्येक वेळी काठीवर खूण करावी, हा जुना उपाय अजूनही सर्वांत खात्रीचा आहे. (पिण्याच्या पाण्याची काठी सांडपाण्याच्या टाकीत कदापि वापरू नये, हे सांगण्याची गरज नसावी, तरीही सांगितलेले बरे.)

कुर्ला : मोटारीचा फ्लोट

मोटारीचा प्रवासही काठीपासूनच सुरू झाला. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत इंधनदर्शक नव्हता. चालक टाकीत पट्टी बुडवून पाही. पुढे विजेवर चालणारा दर्शक आला. टाकीत दांडीवर बसविलेला फ्लोट पातळीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे विद्युतरोध बदलतो आणि समोरच्या तबकडीवरील काटा त्यानुसार हलतो.

हे तंत्र घरोघरच्या परिचयाचे करणाऱ्या गाड्या कुर्ल्यात तयार होत. सोलापूरचे वालचंद हिराचंद (1882-1953) यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली व कुर्ल्यात कारखाना उभारला. तेथे प्रथम अमेरिकी बनावटीच्या गाड्या, नंतर फियाट आणि 1970च्या दशकापासून प्रीमियर पद्मिनी तयार होऊ लागली. याच वालचंदांचा सिंदिया कंपनीच्या स्थापनेत पुढाकार होता. त्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाले. 5 एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज व मोटार या दोन्ही उद्योगांत स्वदेशीचा आग्रह धरणारा हा उद्योजक उपेक्षित नाही, परंतु त्याच्या दोन उद्योगांचा विचार एकत्र क्वचितच होतो.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली. कुर्ला-कलिना भागातील सीएसटी रोडवर मात्र जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार टिकून आहे. (या नावातील अक्षरे सेंट्रल साल्सेट ट्रामवेची आहेत; छत्रपती शिवाजी टर्मिनसशी त्यांचा संबंध नाही.) नौकेवरील फ्लोट हा तत्त्वतः मोटारीच्याच कुळातला असल्याने, गाडीचा दर्शक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला नौकेचा दर्शक परका वाटण्याचे कारण नाही.

दोषनिदानाची रीत

दर्शक बिघडला की तो सरसकट बदलण्याकडे कल असतो. वस्तुतः दोष चार ठिकाणी असू शकतो : टाकीतील फ्लोट, तबकडी, त्यांना जोडणारी तार आणि अर्थिंग. क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम टाकीवरील फ्लोटची तार सोडवावी व विद्युतप्रवाह चालू ठेवून काटा पाहावा. नंतर तीच तार क्षणभर अर्थिंगला टेकवावी. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, तर तबकडी व तार ठीक असून दोष फ्लोटमध्ये वा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. काटा हललाच नाही, तर तार, तबकडी किंवा तिचा वीजपुरवठा तपासावा. फ्लोट संशयित ठरल्यास मल्टीमीटर लावून तो हाताने वर-खाली करावा. रोध सलग बदलला पाहिजे. प्लास्टिकच्या टाकीला स्वतःचे अर्थिंग नसल्याने तेथे स्वतंत्र तार लागते आणि पुष्कळदा तीच खाऱ्या हवेने हिरवी पडून तुटलेली आढळते. मुंबईत पावसाळ्यात शिडाच्या नौका किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्या दमट महिन्यांत जोडण्या गंजतात व हंगामाच्या आरंभी तक्रार उद्भवते.

आणखी एक दोष आयातीतून येतो. अमेरिकी पद्धतीच्या फ्लोटचा रोध टाकी रिकामी असता 240 ओहम व भरलेली असता 33 ओहम असतो. युरोपीय पद्धतीत तो रिकाम्या टाकीला 10 व भरलेल्या टाकीला 180 ओहम असतो. एका पद्धतीचा फ्लोट व दुसऱ्या पद्धतीची तबकडी जोडल्यास काटा जवळजवळ उलटा चालतो : टाकी भरलेली असता रिकामी दिसते आणि रिकामी असता काठोकाठ भरलेली. दोन्ही वस्तू नव्या व निर्दोष असतात, म्हणून हा दोष लवकर ध्यानी येत नाही.

सांडपाण्याच्या टाकीत अडचण निराळी असते. कागद व मळ फ्लोटच्या दांडीत अडकतो. धातूच्या सळ्यांवर थर बसतो आणि रिकामी टाकीही भरलेली भासते. यासाठी टाकीच्या बाहेरून चिकटविण्याचे संवेदक आले. टाकी स्वच्छ पाण्याने वेळोवेळी विसळणे हा साधा उपाय त्याहून स्वस्त आहे. झाकण उघडताना विषारी व ज्वालाग्राही वायू साचलेला असतो, याचे भान ठेवावे.

विश्वासाचा प्रश्न

प्रस्तुत लेखकाच्या कुर्ल्यातील इमारतीच्या गच्चीवरील टाकीला दिव्यांचा दर्शक बसविलेला होता. एका उन्हाळ्यात तो टाकी भरलेली दाखवीत राहिला आणि नळ कोरडे पडले. रखवालदाराने वर जाऊन टाकीवर बोटांची पेरे वाजविली आणि आवाजावरून टाकी रिकामी असल्याचे सांगितले. इमारतीत याने गैरसोय होते. समुद्रात जीवावर बेतू शकते. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले व मे 2010 मध्ये परतले. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेतून झालेल्या त्या मोहिमेत थांबे चारच होते. दोन बंदरांमधील अनेक आठवडे अशा नौकेला पाणी पुरविणारे कोणी नसते.

सांडपाण्याच्या टाकीतील चूक मालकाला सोसावी लागत नाही, ती किनाऱ्याला सोसावी लागते. मार्पोल कराराचे सांडपाण्याविषयीचे चौथे परिशिष्ट 27 सप्टेंबर 2003 रोजी अमलात आले. त्यानुसार प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडेच सोडता येतो. परंतु हे परिशिष्ट 400 टनांवरील अथवा पंधराहून अधिक माणसे नेणाऱ्या, आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या जहाजांपुरते आहे; चार माणसांची विरंगुळ्याची नौका त्याच्या कक्षेबाहेर राहते. तिच्या टाकीतले केव्हा व कोठे रिकामे करावयाचे, हे तबकडीवरचा काटा पाहून तिचा मालकच ठरवितो.