तळघरातलं पाणी कोणाचं? शिकागो शहराचा एक धडा



विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस तळघरातल्या पाण्यावर काय बोलणार? तळघर पुरापासून कसं वाचवावं, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा आणि प्लंबरचा आहे, हे मान्य. पण थोडं खणलं की त्याच्याखाली दुसरा प्रश्न लागतो. माझ्या घरात शिरणारं पाणी मी अडवलं, तर ते जातं कुठं? पाणी काही नाहीसं होत नाही. ते उतार शोधतं. या प्रश्नाशी एक अख्खं शहर दीडशे वर्षांहून अधिक काळ झगडत आलं आहे, म्हणून आज आपण शिकागोचा इतिहास बघणार आहोत.

आधी एक साधी गोष्ट. अनेक थंड प्रदेशांत घराखाली तळघर असतं, ते का? हिवाळ्यात तिथली जमीन वरून गोठत जाते. जमिनीतलं पाणी गोठलं की फुगतं आणि पायाच उचलू लागतं. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. शिकागोत हे अंतर साधारण साडेतीन फूट धरतात. आता एवढं खणायचंच आहे, तर आणखी चार फूट खणलं की एक मजला पदरात पडतो. पूर्वी तिथं कोळसा आणि भट्टी असे. आज कपडे धुण्याचं यंत्र असतं, मुलांची खोली असते. शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना विचारा, पाऊस वाढला की रात्री उठून ‘संप पंप चालू आहे ना’ हे कोणीतरी बघून येतंच.

आपल्याकडे जमीन गोठत नाही, त्यामुळे तळघर ही घराची गरज नव्हती. वाड्यांतून तळघरं होती, ती मुख्यतः किमती वस्तू आणि धान्य ठेवण्यासाठी. धान्याची पेवं होती. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं प्रसिद्ध आहेत. तिथल्या मातीत खोल खणलं तरी ओल धरत नाही, हे अनुभवाने कळलं, म्हणून तिथंच ती खणली गेली. म्हणजे जमीन काय म्हणते ते आधी ऐकायचं आणि मग खणायचं. तरीही २००५ आणि २०१९च्या महापुरांत पाणी वरून आलं आणि पेवांत शिरलं. हा भेद लक्षात ठेवा. खालून येणारी ओल वेगळी आणि वरून येणारा पूर वेगळा.

आता शिकागो. मिशिगन सरोवराच्या काठची सपाट, दलदलीची जागा. उतार जवळजवळ नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शहर झपाट्याने वाढलं आणि सांडपाणी रस्त्यातच साचू लागलं. कॉलऱ्याने माणसं मरू लागली. १८५५ साली एलिस चेसब्रो या इंजिनिअरला बोलावण्यात आलं. अडचण अशी की गटारं जमिनीखाली घालावीत तर ती नदीच्या पातळीखाली जातात, मग वाहणार कशी? चेसब्रोने उत्तर काढलं ते धाडसाचं होतं. गटारं जमिनीवरच घाला, त्यांच्यावर भराव टाका आणि त्या भरावावर रस्ता करा. म्हणजे सगळं शहरच काही फूट वर उचला!

आणि उचललं. १८६० साली लेक स्ट्रीटवरच्या विटांच्या इमारतींची एक अख्खी रांग सुमारे सहा हजार जॅकस्क्रू लावून, सहाशे माणसांनी थोडीथोडी वर घेतली. शिटी वाजली की प्रत्येकाने आपापले स्क्रू जरासे फिरवायचे. पाच दिवसांत ती रांग साडेचार फुटांहून अधिक वर गेली. पुढच्या वर्षी ट्रेमाँट हाऊस हे मोठं हॉटेलही असंच उचललं गेलं.

हे वाचताना आपण थक्क होतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथं एक प्रश्न विचारायला हवा. ज्यांच्याकडे जॅकस्क्रूचे पैसे नव्हते, त्यांचं काय झालं? रस्ता वर गेला, घर तिथंच राहिलं. पिल्सनसारख्या मजुरांच्या वस्तीत आजही अशी घरं दिसतात. रस्त्यावरून पायऱ्या उतरून खालच्या मजल्यावर जावं लागतं. त्या कुटुंबांनी तळघर बांधलं नव्हतं. त्यांचा तळमजलाच सार्वजनिक निर्णयामुळे तळघर झाला! शहराचं आरोग्य सुधारलं, हे खरंच. पण पावसाचं पाणी आता रस्त्यावरून त्यांच्या उंबऱ्याकडे उतरू लागलं. तळघर म्हणजे केवळ वास्तूचा भाग नव्हे, ते सापेक्ष असतं. तुमच्या शेजारची जमीन वर गेली की तुम्ही खाली जाता.

चेसब्रोच्या गटारांची दुसरी गोष्ट अशी की पावसाचं पाणी आणि घरातलं सांडपाणी एकाच नळातून जात असे. त्या काळी ते स्वस्तही होतं आणि शहाणपणाचंही वाटत होतं. पण हे सगळं नदीतून सरोवरात जायचं, आणि पिण्याचं पाणीही सरोवरातूनच यायचं. म्हणून पुढे १९०० सालच्या जानेवारीत सुमारे ४५ किलोमीटर लांबीचा कालवा उघडून नदीचा प्रवाहच उलटा फिरवण्यात आला. सरोवर वाचलं. शहराची घाण मिसिसिपीच्या दिशेने, म्हणजे दुसऱ्यांच्या दारी निघाली. खालच्या बाजूच्या मिसुरी राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो १९०६ साली फेटाळला गेला. आपला पहिला प्रश्न आठवा: अडवलेलं पाणी जातं कुठं?

विसाव्या शतकात शहर पसरलं. जिथं गवत होतं तिथं डांबर आलं, छपरं आली. हिशेब करून बघा. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि ५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे एका घरावरून पाच हजार लिटर पाणी. अशी हजारो घरं, आणि सगळ्यांच्या पन्हळी त्याच नळात. नळ तुडुंब भरला की पाणी उलट्या वाटेने येतं, आणि त्याला पहिलं उघडं तोंड सापडतं ते तळघराच्या फरशीतल्या जाळीचं. हा पूर दारातून येत नाही, मोरीतून येतो, आणि त्यात शेजाऱ्यांचंही सांडपाणी असतं.

लोकांनी उपाय शोधले. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जाळीच्या तोंडात तीनेक फुटांचा उभा नळ बसवायचा. उलटं आलेलं पाणी त्या नळात चढतं, फरशीवर पसरत नाही. दुसरा उपाय एकमार्गी झडपेचा. पाणी बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही. पण झडप बंद असताना घरातलंही पाणी बाहेर जात नाही. त्या वेळी वर कोणी आंघोळ केली, तर तळघर आपल्याच पाण्याने भरतं! तिसरा उपाय महाग: घराचा सांडपाण्याचा नळ तळघराच्या छतालगत वर न्यायचा आणि तळघरापुरतं पाणी पंपाने चढवायचं. आणि जमिनीतल्या ओलीसाठी पायाभोवती भोकांचे नळ, कोपऱ्यात खड्डा, खड्ड्यात पंप. हाच तो संप पंप. वादळात वीज जाते आणि पंप नेमका तेव्हाच लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप हवा.

कोणी म्हणेल, तळघर पूर्ण बंदिस्तच करून टाकू. इथं सावध राहायला हवं. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस मीटरला एक टन असतो. फरशी पन्नास चौरस मीटरची असेल आणि भोवतालच्या जमिनीतलं पाणी फरशीच्या एक मीटर वर चढलं असेल, तर खालून पन्नास टनांचा रेटा येतो. पातळ फरशी उचलून फुटते, भिंती आत झुकतात. म्हणूनच पूर ओसरल्यावर भरलेलं तळघर एकदम उपसू नये, रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढावं, असा सल्ला देतात. आतलं पाणी त्या वेळी भिंतींना आधार देत असतं. शत्रू वाटतो तोच टेकू असतो.

पण या सगळ्या उपायांत मोठी मेख आहे. मी झडप बसवली, माझं तळघर कोरडं. नळातलं पाणी मात्र तेवढंच आहे. ज्याने झडप बसवलेली नाही त्याच्याकडे ते थोडं अधिक चढणार. एकट्याने केलेलं संरक्षण शेजाऱ्यावर ढकललेलं ओझं ठरू शकतं.

यातून वाट काढली ती शिकागोला लागून असलेल्या स्कोकी या गावाने, १९८०च्या दशकात. त्यांनी नवे मोठे नळ घालण्यापेक्षा गटारांची तोंडंच अरुंद केली आणि रस्त्यांवर जागोजागी हलके उंचवटे केले. हेतू काय, तर पावसाचं पाणी काही तास रस्त्यावर थांबावं आणि नळात सावकाश उतरावं. रस्त्यावर वीतभर पाणी साचेल, गाड्या हळू चालतील, पण कोणाच्या तळघरात घाण शिरणार नाही. पुढे शिकागोनेही गटारांची तोंडं अशीच आवळली. सगळ्यांनी थोडी गैरसोय वाटून घेतली, म्हणजे काहींवर आपत्ती कोसळत नाही. न्याय या विषयावर मी वर्गात बरंच बोललो असेन, पण याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

शहराचा मोठा उपाय म्हणजे ‘डीप टनेल’. १९७२ साली योजना ठरली, १९७५ साली काम सुरू झालं. खडकातून, काही ठिकाणी तीनशे फूट खोल, एकूण सुमारे १७५ किलोमीटर बोगदे २००६पर्यंत पूर्ण झाले. २०१५ साली थॉर्नटनची जुनी दगडखाण जलाशय म्हणून वापरात आली. तिच्यात सुमारे तीस अब्ज लिटर पाणी मावतं. एवढं होऊनही जुलै २०२३मध्ये शहराच्या पश्चिम भागातली कित्येक तळघरं भरलीच. बोगदा कितीही मोठा असला, तरी गल्लीतला नळ अरुंद असेल तर पाणी बोगद्यापर्यंत वेळेत पोचत नाही.

आणि १३ एप्रिल १९९२चा दिवस तर विसरता येत नाही. पावसाचा थेंब नाही, आणि शहराच्या मध्यभागी मोठमोठ्या इमारतींची तळघरं भरू लागली! मालवाहतुकीचे जुने, विसरलेले बोगदे या तळघरांना जोडत होते. नदीत पुलाजवळ ठोकलेल्या खांबांमुळे बोगद्याला भगदाड पडलं आणि सुमारे ९५ कोटी लिटर पाणी आत घुसलं. ही गळती काही महिने आधीच लक्षात आली होती. दुरुस्तीचा अंदाज सुमारे दहा हजार डॉलरचा होता, तो जास्त वाटला. नुकसान अब्जाच्या घरात गेलं. प्रत्येक मालकाला वाटत होतं की आपलं तळघर स्वतंत्र आहे. खाली मात्र ती सगळी एकच होती.

आतापर्यंत सामानाबद्दल बोललो. आता माणसांबद्दल. सप्टेंबर २०२१मध्ये आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात १३ जण गेले, त्यांतले ११ तळघरांत राहणारे. ऑगस्ट २०२२मध्ये सोलमध्ये अर्ध्या तळघरातल्या घरात एकाच कुटुंबातले तिघे बुडाले. जुलै २०२४मध्ये दिल्लीत राजिंदर नगरला शिकवणीवर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. दार का उघडत नाही, हे समजून घ्या. ८० सेंटिमीटर रुंदीच्या दाराबाहेर अर्धा मीटर पाणी असेल, तर दारावर सुमारे शंभर किलोचा रेटा असतो. एक मीटर पाणी झालं की दोनशे नव्हे, चारशे किलो. खोली दुप्पट, रेटा चौपट. म्हणून पाणी गुडघ्यापर्यंत येण्याची वाट बघायची नसते. पायाला ओल लागली की वर निघायचं, सामान सोडून. आणि पाण्यात उभं राहून विजेच्या बटणाला हात लावायचा नाही.

आज पुण्या-मुंबईत अनेक नव्या इमारतींखाली गाड्यांसाठी एक-दोन मजले खणले जातात. तिथं रखवालदार झोपतो, ड्रायव्हर बसतो. तेव्हा आपल्या सोसायटीच्या सभेत चार गोष्टी जरूर विचारा. उतरणीच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंबरा आहे का? पंपाला वीज गेल्यावर पर्याय आहे का? आपण उपसलेलं पाणी कोणाच्या अंगणात पडतं? आणि खाली झोपलेल्या माणसाला रात्री उठवण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहून ठेवलं आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं इंजिनिअर देईल. उरलेल्या दोहोंची आपल्यालाच द्यावी लागतील.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.