पडद्यावरचा येशूजन्म आणि फाळक्यांचे घर

आज सांगवीतल्या एखाद्या घरात नाताळच्या सुटीत आई-वडील, मुले आणि आजी एकत्र बसून येशूजन्माचा चित्रपट पाहू लागली, तर त्यात कुणाला नवल वाटणार नाही. पण ११५ वर्षांपूर्वी मुंबईत एका मराठी कुटुंबाने असाच एक पट एकत्र पाहिला आणि त्या घराची घडीच बदलून गेली. ते घर धुंडिराज गोविंद फाळके यांचे.

दादासाहेबांनी येशूचा चित्रपट पाहिला आणि त्यांना भारतीय चित्रपट काढण्याची प्रेरणा मिळाली, हे वाक्य पाठ्यपुस्तकापासून प्रश्नमंजूषेपर्यंत सर्वत्र आढळते. त्यात चूक काही नाही, परंतु ते अपुरे आहे. त्या काळोख्या तंबूत ते एकटे बसलेले नव्हते.

प्रथम तारखेचा प्रश्न. कुठे १९१० चा नाताळ सांगितला जातो, तर कुठे १९११ चे ईस्टर. कौटुंबिक आठवणींवर आधारलेला वृत्तान्त असा : १४ एप्रिल १९११ रोजी दादासाहेब थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर जनावरे चालताना-पळताना पाहून मुलगा थक्क झाला. घरी येऊन त्याने आईला ते सांगितले, पण घरात कुणाचाच विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी सर्वांनाच तेथे नेले. मात्र ईस्टरमुळे खेळ बदलला होता. जनावरांच्या जागी पडद्यावर आले ख्रिस्तचरित्र.

पंचांग या वृत्तान्ताच्या बाजूने उभे राहते. १९११ साली ईस्टर १६ एप्रिलला होते. म्हणजे १४ तारीख गुड फ्रायडेची आणि कुटुंब गेले तो दिवस शनिवारचा. स्वतः दादासाहेबांनी मात्र पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत १९१० हे साल दिले आहे. सात वर्षांनी लिहिताना साल मागेपुढे होऊ शकते, पण लहान मुलाच्या हट्टातून ठरलेला बेत आणि सणामुळे बदललेला खेळ हे तपशील सहसा कुणी रचत नाही.

त्या दिवशीचा पट कोणता होता? बहुधा आलिस गी या फ्रेंच दिग्दर्शिकेचा ‘ख्रिस्तचरित्र’ हा १९०६ सालचा पट, असे आज मानले जाते, जरी पाथे कंपनीचा याच विषयावरील पटही त्या काळात जगभर फिरत होता. आलिस गी यांच्या पटाची लांबी अर्ध्या तासाहून थोडी अधिक असून त्यात एकूण २५ दृश्ये आहेत. आरंभी मरिया आणि योसेफ बेथलेहेमात येतात. मग गव्हाणीतले बाळ दिसते आणि त्याच्या दर्शनाला पूर्वेकडील ज्ञानी येतात. त्यानंतर झोपलेल्या बाळाभोवती देवदूत वाद्ये वाजवतात. पुढे पट मोठ्या येशूकडे वळतो आणि क्रूस व पुनरुत्थान यांपाशी संपतो. ईस्टरला तो लावण्याचे कारण हा शेवट. पण घरच्यांच्या डोळ्यांसमोर आधी आला तो जन्म.

हिंदू घरातल्या प्रेक्षकांना त्या जन्मकथेत अनोळखी असे काय होते? गाईगुरांच्या सान्निध्यातले बाळ आणि त्याला पाहायला आलेली माणसे पडद्यावर होती. पडद्याबाहेरच्या मूळ कथेत बालकांची हत्या करणारा हेरोद राजा आहे आणि बाळाला घेऊन दूरदेशी जाणारे आई-बाप आहेत. कंस, वसुदेव आणि गोकुळ हे ज्यांच्या घरी दर गोकुळाष्टमीला सांगितले जाते, त्यांना याची ओळख कशाला करून द्यावी? दादासाहेबांनी लिहून ठेवले आहे की, डोळ्यांपुढे ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना मनात मात्र श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती.

खेळ संपल्यावर आपणही राम-कृष्णांची अशीच चित्रे काढू, असे त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना सांगितले. ते ऐकून आपल्याला मुळीच आनंद झाला नाही, आपण गप्प राहिलो, अशी प्रांजळ आठवण सरस्वतीबाईंनी पुढे सांगितली आहे. सर्व कथेतील हा क्षण सर्वाधिक विश्वसनीय वाटतो. पुरातत्त्व खात्यातील नोकरी दादासाहेबांनी १९०६ मध्ये सोडली होती. छापखान्याच्या भागीदारीतूनही मतभेदांमुळे ते बाहेर पडले होते. वय ४१ च्या घरात, पदरात मुले, आणि नवे वेड हे असे. त्यांनी गप्प राहावे, यात आश्चर्य ते काय?

त्यांची भीती निराधार नव्हती. दादासाहेबांनी मिळेल तो चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला. जागरणांनी आणि ताणाने त्यांची दृष्टी गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली, तेव्हा आयुर्विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. दोन महिन्यांत परतले, ते विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवूनच.

पैसा उभा करण्यासाठी नमुना दाखवणे भाग होते. म्हणून कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडे थोडे चित्रण करण्यात आले. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत उलगडे. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा पट. चमत्कार दाखवायला देव लागतोच असे नाही, हे या माणसाला देवांचे पट काढण्यापूर्वीच उमगले होते.

आणि गप्प राहिलेल्या सरस्वतीबाई? कोऱ्या फिल्मला कडेची भोके नसत. रात्री काळोखात बसून ती त्या यंत्राने पाडत. फिल्म धुण्याची रसायने त्या तयार करू लागल्या. उन्हात पांढरी चादर धरून कलावंतांच्या चेहऱ्यावर प्रकाश पाडण्याचे काम त्यांच्याकडे असे, शिवाय दादरच्या त्या बिऱ्हाडात साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही. अंगावरचे दागिनेही गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये लागला. त्यात तारामती झाले अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला स्त्री मिळाली नाही. रोहिदास झाला भालचंद्र. जनावरांच्या पटाची वार्ता घरी आणणारा मुलगा दोन वर्षांत स्वतःच पडद्यावर आला.

गोकुळ मात्र पडद्यावर यायला आणखी पाच वर्षे लागली. १९१८ साली नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीने ‘श्रीकृष्णजन्म’ हा पट काढला. त्याचा थोडासाच भाग आज उरला आहे. कंसाला जिकडे तिकडे बालकृष्णच दिसू लागतो आणि तो भयाने गांगरतो, ही करामत त्यात पाहता येते. बेथलेहेमच्या बाळाने मुंबईच्या तंबूत जागवलेली कल्पना अशी मथुरेला पोहोचली.

पुढच्याच वर्षी ‘कालिया मर्दन’ आला. दादासाहेबांच्या पटांपैकी हाच बऱ्याच अंशी सलग वाचला आहे. सांगवीहून मुळा ओलांडून औंधमार्गे पुण्यात आले की लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लागते. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने फाळक्यांच्या पटांचे हे अवशेष जपले.

या पटाच्या प्रारंभी कथा सुरूच होत नाही. पडद्यावर एक लहान मुलगी येते आणि चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक बदलून दाखवते. मग तीच बालकृष्णाच्या वेषात उभी राहते. ती दादासाहेब आणि सरस्वतीबाईंची मुलगी, मंदाकिनी.