बिशपाआधीचा आर्चडीकन

अँग्लिकन चर्चच्या व्यवस्थेत आर्चडीकन हा बिशपच्या हाताखालचा अधिकारी. चर्चच्या इमारती धड आहेत का, हिशेब चोख आहेत का, पाद्री नीट वागतात का, हे त्याने बघायचे. दीक्षा देणे किंवा नवे चर्च पावन करणे मात्र बिशपचेच काम. मुंबईत हा क्रम उलटा लागला. १८१३च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला एक बिशप दिला आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई येथे एकेक आर्चडीकन. वर्षाला बिशपला ५००० पौंड, आर्चडीकनला २०००, आणि तेही हिंदुस्थानच्या महसुलातून. मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला १८३७ साली. तोवर धनी कलकत्त्यात आणि कारभारी इथे! माझ्या मते हे पद धर्माच्या गरजेपेक्षा सरकारी सोयीतून जन्मले आणि त्याची ताकदही तेवढीच राहिली.

यावर कोणी म्हणेल, बिशप दूर असल्यामुळे आर्चडीकनच खरा सत्ताधीश झाला असणार. म्हणायला तसे दिसते खरे. १८२२ ते १८३१ या काळात मिडल्टन, हेबर, जेम्स आणि टर्नर असे कलकत्त्याचे चार बिशप एकामागून एक वारले. विलायतेहून नवा माणूस येईपर्यंत गादी रिकामी राही. पण रिकाम्या गादीमुळे आर्चडीकनचे अधिकार वाढत नव्हते. ज्या चर्चमुळे चर्चगेटला नाव पडले, ते फोर्टातले सेंट थॉमस १७१८ सालीच उपासनेला खुले झाले होते. ते विधिपूर्वक पावन झाले मात्र १८१६ साली, मिडल्टन मुंबईस आले तेव्हा; आर्चडीकन मुंबईतच असून त्याचा उपयोग नव्हता. शिवाय ज्या चॅप्लेनांवर त्याने नजर ठेवायची, ते ईस्ट इंडिया कंपनीचे पगारी नोकर होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांचे काम मग कुठे मोजायचे? त्यांच्या पुढाकाराने १८१५ साली गरिबांच्या शिक्षणासाठी सोसायटी निघाली. तिचा रोख युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांवर होता, पण एतद्देशीयांच्या शिक्षणाची तिची शाखा १८२२ साली वेगळी झाली. पुढे बाळशास्त्री जांभेकर जिचे नेटिव्ह सेक्रेटरी होते, ती मराठी शालेय पुस्तके काढणारी बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी याच शाखेतून वाढली. मराठी शालेय पुस्तकांच्या इतिहासाला म्हणूनच एका पाद्र्याचे नाव चिकटलेले आहे. पण हे काम बार्न्स यांनी वर्गणीदारांच्या जोरावर उभे केले. आर्चडीकनच्या अधिकारपत्राला त्याचे श्रेय देता येत नाही. त्या पदाने बिशपची जागा तेवढी धरून ठेवली. १८३७ साली मुंबईचे पहिले बिशप झाले ते टॉमस कार. त्याआधी ते इथलेच आर्चडीकन होते.