गिरगांवचें ‘कॉरोनेशन’

मुंबईंत गिरगांवांत सँढर्स्ट रस्त्यावर एके काळीं ‘कॉरोनेशन’ नांवाचें चित्रगृह होतें. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजीं लागला तो तेथेंच. आणि दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं सर्वसामान्य प्रेक्षकांसाठीं खुला झाला तोहि तेथेंच. त्यांत तारामतीची भूमिका साळुंके या पुरुषानें केली होती. परंतु रंगभूमीवरील स्त्रीपार्ट पाहण्यास सरावलेल्या त्या प्रेक्षकांस त्यांत वावगें तें काय वाटणार! आज तें चित्रगृह उरलेलें नाहीं. निर्मात्यांचीं नांवें आम्ही मुलांकडून पाठ करून घेतों. मुक्या पडद्याला पहिली दाद देणारे जेथें बसले, ती जागा मात्र आम्ही खुशाल पुसूं दिली. कलेचा इतिहास निम्मा कलावंतांचा, निम्मा रसिकांचा. त्यांतला दुसरा निम्मा आम्हीच गमावला.